इम्प्लांट झाले, पुढे मॅपिंगचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पूर्ण कर्णबधिर व्यक्तीला ऐकू यावे यासाठीचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १९५७ मध्ये पॅरिसला ज्युर्नो आणि आयरिएस यांनी श्रवणतंतूला विजेने चेतना देऊन पाहिली, तर १९७८ मध्ये मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडांचे कॉक्लियर इम्प्लांट रुग्णाच्या कानात बसवले. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपून त्याचे विद्युत संकेत करतो. ते डोक्यावर बसवलेल्या कॉईलमधून त्वचेखालील भागाकडे जातात आणि अंतर्कर्णातील शंखाकृती पोकळीत सरकवलेले इलेक्ट्रोड निकामी पेशींना वगळून थेट श्रवणतंतूला चेतवतात. मात्र प्रत्येक इलेक्ट्रोडला किती विद्युतप्रवाह द्यायचा, हे त्या-त्या मुलासाठी ठरवावे लागते. यालाच मॅपिंग म्हणतात, आणि पहिल्या वर्षात ते पुनःपुन्हा करावे लागते.

धारणी तालुक्यातील आमची मुले मागे पडतात ती इथेच. दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांट मिळते, ही फार मोठी सोय आहे. पण धारणीहून परतवाडा, तिथून अमरावती आणि पुढे नागपूर असा प्रवास कापसाच्या वेचणीची मजुरी बुडवून आईबापांनी कितीदा करायचा? मॅपिंग लांबले किंवा कॉईलची वायर तुटून प्रोसेसर पेटीत पडून राहिला, तर भाषा शिकण्याची वर्षे हातची जातात. कारण जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूला आवाजाची ओळख होण्यास पहिली काही वर्षेच सर्वांत अनुकूल असतात. त्यात घरी कोरकू बोलणाऱ्या बाळाला वाचा-उपचार मात्र मराठीतून मिळतात, आणि मग आईने घरी सराव घ्यायचा तरी कोणत्या शब्दांनी?

त्यामुळे या यंत्राच्या विकासाचा विचार प्रयोगशाळेपुरता ठेवून चालणार नाही, असे मला कळकळीने वाटते. घामात आणि भारनियमनात टिकणारा प्रोसेसर, गावच्या मिळकतीला परवडणारे सुटे भाग आणि दूरस्थ मॅपिंग, यांवर देशी संशोधकांनी व उत्पादकांनी भर द्यावा. दूरस्थ मॅपिंगचे तंत्र आज उपलब्ध आहे. मुलांमधील दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ नेमून ते विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यात सुरू करावे आणि कोरकू व गोंडी भाषांतील सराव-साहित्य स्थानिक अंगणवाडी सेविकांच्या मदतीने तयार करावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

आपला,
एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती