आधी वळण, मग ओढाताण

माननीय संपादक,

जळगाव-भुसावळकडे दोघे कमावत्या घरांत पोराला ताप आला की रजा पडते ती बहुधा आईचीच. याची मुळे बालपणात आहेत. बहीण दहाव्या वर्षी पोळ्या लाटते, भाऊ स्वतःचे ताटही उचलत नाही. कायदाही त्याच वळणाचा: २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले, पण दिवसातून ४ वेळा तिथे जाण्याची मुभा आईला. बापाचे नावच नाही.

मुलाला 'आईला मदत कर' म्हणू नये. त्याने काम आईचेच राहते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे एक काम पूर्ण सोपवावे. कुकर म्हणजे तांदूळ निवडणे, वाटीला दोन वाट्या पाणी, शिट्ट्यांकडे लक्ष, वाफ जिरल्यावरच झाकण काढणे आणि शेवटी भांडी घासणेही. बिघडते ते इथे: भात गचका झाला की आजी दुसऱ्याच दिवशी वाटी काढून घेते. घेऊ देऊ नये. आपल्या खानदेशी फौजदारी डाळीसोबत गचका भातही खपतो!

आणि बापाची रात्रपाळी असेल तर शाळेच्या अर्जावर पहिला मोबाईल नंबर त्याचा लिहावा. दिवसा घरी तोच असतो.

– एक पालक, भुसावळ