बंदुकीआडची परिचारिका

महोदय,

परिचारिका दिन जवळ आला की नाइटिंगेलबाईंवर भरभरून लिहिले जाते, ते योग्यच. पण जपानच्या याए निइजिमा (1845–1932) यांच्यासाठीही चार ओळी हव्यात. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांनी लढाईत चालवलेल्या सात गोळ्यांच्या स्पेन्सर बंदुकीपाशीच थांबतात.

1868 च्या जपानी यादवी युद्धात सम्राटाच्या फौजेने याएंच्या आइझु संस्थानाच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातल्या बायका तोफगोळ्यांवर ओल्या गोधड्या टाकत. पडलेल्या गोळ्याची वात काही क्षण जळत राही. तेवढ्यात गोधडी दाबून धरली तर वात विझे, उशीर झाला तर गोळा अंगावरच फुटे. काहींचा जीव असाच गेला. शरणागतीच्या रात्री याएंनी केसांतल्या आकड्याने भिंतीवर कविता कोरली. 5-7-5-7-7 अशा 31 मात्रांच्या त्या वाकाचा (पारंपरिक जपानी लघुकवितेचा) आशय असा : उद्या रात्री कुठल्या मुलखातला कोण पाहील, आमच्या सवयीच्या या किल्ल्यावर मागे राहिलेले चांदणे?

1890 मध्ये पती जो निइजिमा वारले. त्याच वर्षी त्या रेडक्रॉसच्या सदस्य झाल्या. 1894 च्या चीन-जपान युद्धात हिरोशिमाच्या लष्करी रुग्णालयात चार महिने 40 परिचारिकांचे पथक त्यांनी सांभाळले, तेही पन्नाशीला टेकताना. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगाने कितीतरी जास्त सैनिक दगावले, म्हणजे खरी झुंज शुश्रूषेचीच होती. 1896 मध्ये त्यांना सरकारी सन्मानपदक मिळाले. 1904–05 च्या रशिया युद्धात त्या पुन्हा ओसाकाला सेवेत होत्या. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादा धडा घ्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सातारा