मालकाचा हिस्सा कुणाच्या खिशातून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुशल परदेशी नोकरदारांसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर अमेरिकेने सप्टेंबर २०२५मध्ये एक लाख डॉलर शुल्क जाहीर केल्यापासून आपल्याकडे चर्चा आहे ती व्हिसा मिळणार की नाही, याचीच. मिळाल्यावर हातात काय पडते, हे कुणी विचारत नाही. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात ३१ वर्षे पगारपत्रके केली. पुतण्या टेक्सासमध्ये एका कन्सल्टन्सीमार्फत दुसऱ्याच कंपनीत काम करतो. दिवाळीत फोनवर बोलताना त्याने आपली पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, पाठवली आणि माझी जुनी खोड जागी झाली.

त्याची पहिली तक्रार अशी : शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, होता तेव्हा पगार जवळजवळ तेवढाच होता, पण ऑक्टोबरात एच-१बी लागू झाला आणि हातातली रक्कम घटली. यात कन्सल्टन्सीचा दोष नाही. विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्य विमा) यांची कपात माफ असते. एच-१बीवर ती पहिल्या पगारापासून सुरू होते, ६.२ आणि १.४५ मिळून ७.६५ टक्के. तेवढेच पैसे मालकाने आपल्या पदरचे भरायचे. आपल्या पीएफसारखाच मामला.

गोम पुढे आहे. क्लायंट, म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालते ती कंपनी, तासाचे पैसे मुख्य व्हेंडरला (मध्यस्थाला) देतो, तो आपला वाटा ठेवून पुढच्या व्हेंडरला, आणि शेवटी कन्सल्टन्सीला. तिथे पोराशी बोली असते ‘८०-२०’ची, ८० टक्के पोराला, २० कन्सल्टन्सीला. ऐकायला किती उदार! सोपा हिशेब मांडतो. कन्सल्टन्सीला तासाला ७० डॉलर मिळतात, महिन्याचे १६० तास धरले तर ११,२०० डॉलर. त्याचे ८० टक्के ८,९६०. पोरगा हाच आपला पगार समजतो. कन्सल्टन्सी मात्र मालकाचा ७.६५ टक्के हिस्सासुद्धा या ८,९६०मधूनच काढते आणि सुमारे ८,३२३ डॉलर पगार दाखवते. त्यावर पुन्हा त्याचा स्वतःचा ७.६५ टक्के. दोन्ही हिस्से मिळून महिन्याला १,२७० डॉलरच्या वर, एकाच खिशातून. आयकर, आरोग्य विमा निराळे. पे-स्टबवर मालकाच्या हिश्श्याची ही वजावट दिसतच नाही, कारण तिथे सुरुवातच ८,३२३पासून होते.

आमच्या कारखान्यात एका ठेकेदाराने पीएफचे दोन्ही हिस्से मजुरांच्या पगारातून कापले होते, तेव्हा मस्टर घेऊन आम्ही त्याला साहेबांसमोर उभे केले होते. मालकाचा हिस्सा पगारातून कापायचा नाही, हे योजनेतच लिहिलेले आहे. अमेरिकेतही हा कर कायद्याने मालकावरच आहे, आणि व्हिसासाठी श्रम खात्याला जे किमान वेतन लिहून दिलेले असते, त्याच्या खाली नेणारी धंद्याच्या खर्चाची वजावट चालत नाही. पण टक्केवारीची बोली असली की ते किमान वेतन सांभाळून बाकीचे आत जिरवता येते. सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, मालकाचा पीएफ धरायची सवय लागलेल्या आपल्या मुलांना त्यात वावगेही वाटत नाही.

बेंचचे, म्हणजे कामाविना बसवून ठेवण्याचे, मात्र सरळसरळ बेकायदा आहे. प्रोजेक्ट संपला आणि पुढचा मिळेपर्यंत पगार बंद, असे पुतण्याचे सात आठवडे गेले. १९९८च्या कायद्यापासून एच-१बी कामगाराला काम नसल्याच्या काळातही लिहून दिलेला पगार द्यावाच लागतो. स्वतःच्या कारणाने रजा घेतली असेल तर गोष्ट वेगळी. व्हिसा अर्जाचे शुल्क आणि त्यासाठीच्या वकिलाची फीसुद्धा मालकाचीच. ती पोराकडून वसूल करणे, वर मुदतीआधी नोकरी सोडली तर दंडाची भीती घालणे, हे पाहून मला ऊसतोड मुकादमाची उचल आठवते. फरक एवढाच की इथे उचलसुद्धा दिलेली नसते.

आणखी एक. सोशल सिक्युरिटीचे पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षे. एच-१बीची नेहमीची मुदत सहा. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना मुदतवाढ मिळते, पण जो सहा वर्षांनी परत येतो त्याचा तो ६.२ टक्के तिकडेच राहतो. जर्मनी, फ्रान्स, जपान यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, अमेरिकेशी नाही. तो झाला तरी तिथल्या कन्सल्टन्सीच्या थेट पगारपत्रकावर असलेल्यांची कपात थांबणार नाही, पण दोन्हीकडची वर्षे जोडून मोजता येतील. आपल्या खासदारांनी हा विषय लावून धरावा.

आपल्या करिअर पुरवणीत व्हिसा सल्लागारांच्या जाहिराती दर आठवड्याला असतात. त्यांच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी : पगार थकला तर अमेरिकन श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ अर्जाने, बारा महिन्यांच्या आत तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून मालकाला सूड घेता येत नाही. पुतण्याला मी हे सांगितले. त्याचे सात आठवडे मार्च-एप्रिलमधले, मुदत अजून आहे. तो म्हणाला, “काका, आधी दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफर होऊ दे, मग बघतो.”

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सांगली