घाटात भेटलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

मे महिन्यात कुंभार्ली घाटात आंब्याच्या पेट्या भरलेला जुना पिकअप बंद पडला होता, तो माझा. तुम्ही आपल्या कामाला निघाला होतात, तरी मोटारसायकल कडेला लावलीत. घाईत तुमचं नावही विचारलं नाही मी, म्हणून हे पत्र असं उघड्यावर.

त्याआधी दोन महिने गाडी छळत होती. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, चढाला दम सोडायची. दोनदा डिझेल फिल्टर बदलला, नवी बॅटरी घातली. एका गॅरेजने तर मेन पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणारा, उतरवून कॅलिब्रेशनला (माप जुळवून घ्यायला) पाठवायला सांगितलं होतं. आकडा ऐकूनच मी परत फिरलो होतो.

तुम्ही बॉनेट उघडण्याआधी विचारलंत, "रात्री गाडी कशी लावतोस? तोंड चढाला का उताराला?" मला वाटलं, काकांना उन्हाचा त्रास होतोय. पण मी चढालाच लावतो, मागून पेट्या भरायला सोपं पडतं. तुम्ही हसलात. "मग रात्रभर डिझेल मागं टाकीत उतरतं. हवा घेतेय गाडी."

मी म्हटलं, खाली तर थेंबभर डिझेल गळत नाही. त्यावर तुमचं उत्तर अजून डोक्यात आहे. टाकीतून डिझेल खेचून पुढे देणारा तो फीड पंप; टाकीपासून त्या पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, तिथे फट असेल तर ते बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याच्या नळीला वरच्या बाजूला भोक असलं की पाणी गळत नाही, नुसता फुर्र आवाज येतो, तसं. आणि मी दोन महिने टॉर्च घेऊन ओले डाग शोधत होतो!

मग पिशवीतून गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी निघाली. फिल्टरच्या पुढे जोडून गाडी चालू केलीत, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. नंतर टाकीची लाइन सोडवून फीड पंपाला माझ्या पाच लिटरच्या कॅनमधून डिझेल दिलंत. मी कॅन वर धरायला लागलो तर ओरडलात, "खाली ठेव, पंपाला ओढू दे!" बुडबुडे थांबले. म्हणजे पंप, फिल्टर ठीक, दोष मागे. टाकीजवळच्या रबरी होजला क्लिपखाली केसाएवढी चीर होती. टोक इंचभर कापून नवी क्लिप आवळलीत, झालं.

एअर काढायचं, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा बाहेर काढायचं काम मलाच करायला लावलंत. फिल्टरचा स्क्रू सैल, हातपंप मारत राहायचं, आधी फेस, मग स्वच्छ धार, की आवळायचा. मग मेन पंपाचा स्क्रू, शेवटी सेल्फ मारत, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट. तेव्हाच बजावलंत, नव्या कॉमन रेल गाडीच्या नोझलला असा पाना लावायचा नाही, तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेल कातडी फाडून आत शिरतं.

दोनशे रुपये घेतलेत, तेही मी खिशात कोंबले तेव्हा. पेटी तर घेतलीच नाहीत.

पाऊस लागला तरी गाडी अजून तोंड चढाला करूनच लावतो, मुद्दाम. अर्ध्या सेल्फला उठते. तुमची ती नळी मात्र माझ्या सीटखाली राहिली. पुढच्या फेरीला आणून देणार होतो, पण शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सकाळी उठत नाहीये. त्याचं तेवढं बघतो, मग आणतो.