दिवाणखान्यात समुद्र मांडण्याआधी

महोदय,

नागपुरात घरी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी बसवायची तर मासे शेवटी, आधी मे महिन्याचा विचार करावा. पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं आणि बाहेर पारा 45 वर. कोरड्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला तरी पाणी दोन-तीन अंश उतरतं; पण त्याच खोलीत कूलर सुरू झाला की हवा दमट होते आणि पंखा निकामी ठरतो. म्हणून चिलरच (पाणी थंड करणारं यंत्र) घ्यावा, आणि तो बंद कपाटात कोंबू नये.

उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. रोजची भर म्हणूनच बिनमिठाच्या पाण्याची. इथे नवखे हमखास चुकतात. पाणी डीआय, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरमधून काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओचं चालत नाही, बोअरचं तर नाहीच.

5 बाय 2 बाय 2 फुटांच्या टाकीत सुमारे 550 लिटर पाणी मावतं. लिटरला 35 ग्रॅमप्रमाणे 19 किलो समुद्री मीठ लागतं. काच-दगडांसह वजन पाऊण टनापर्यंत जातं. वरच्या मजल्यावर असाल तर इंजिनिअरला दाखवाच. वीज गेल्यावर मुख्य टाकीतून उतरणारं पाणी मावेल एवढा सम्प, म्हणजे खालची फिल्टरची टाकी, रिकामा ठेवावा, नाहीतर फरशीवर तळं!

नव्या टाकीतले अमोनिया, नायट्राइट हे माशांना विषारी पदार्थ शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासा नको. दुकानदार प्रवाळ किंवा समुद्रघोडा दाखवू लागला तर सरळ नकार द्यावा. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते संरक्षित आहेत.

– एक वाचक, नागपूर