वॉर्साहून पत्र: जुनं शहर आणि मुरानुव

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा व्हिडीओ कॉलवर तुम्ही विचारलंत ना, की दुसऱ्या महायुद्धात एवढं सगळं पडलं तर माझ्या मागे दिसणारी ती जुनी घरं कशी काय वाचली? ती वाचली नाहीत हो. जवळजवळ सगळी १९४५ नंतर बांधलेली आहेत. तेव्हा नेटवर्क जात होतं म्हणून नीट सांगता आलं नाही, आता सविस्तर लिहिते.

ऑगस्ट १९४४ मध्ये इथल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले आणि शेवटी शरण जावं लागलं. त्यानंतर जर्मनांनी उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं आणि मग रिकामं शहर पद्धतशीरपणे, एकेक रस्ता घेऊन, जाळलं आणि सुरुंग लावून उडवलं. म्हणजे लढाईत पडलं ते वेगळंच, हे लढाई संपल्यावर केलं, लायब्ररी, राजवाडा काही सोडलं नाही. सगळं मिळून ८५ टक्के शहर गेलं असं सांगतात. पोलंडची राजधानी वॉर्साहून वूज शहरात हलवावी का अशी चर्चासुद्धा तेव्हा चालली होती. पण जानेवारी १९४५ मध्ये जर्मन गेले आणि लोक गोठलेली व्हिस्तुला नदी चालत ओलांडून परत यायला लागले, पाणी नाही, वीज नाही, ढिगाऱ्यात सुरुंग पेरलेले, तरी तळघरांत संसार मांडले. मला तर वाटतं शहर परत उभं करायचा निर्णय या लोकांनीच घेतला, सरकारने नंतर त्याच्यावर शिक्का मारला.

आता जुनं शहर. ते बांधता आलं कारण आधीच कुणीतरी ते मोजून ठेवलं होतं. इथल्या पॉलिटेक्निकमधले आर्किटेक्चरचे प्राध्यापक आणि विद्यार्थी युद्धाच्या आधीपासून जुन्या इमारतींची मापं घेऊन ड्रॉइंग करत होते. त्या विभागाचे प्रमुख ओस्कार सोस्नोव्स्की १९३९ च्या सप्टेंबरमध्येच मारले गेले, पण बाकीच्यांनी जर्मनांच्या राज्यात लपूनछपून काम चालू ठेवलं, आणि उठावानंतर ती ड्रॉइंग्ज शहराबाहेर काढून पिओत्रकुफ गावातल्या एका मठात थडग्यांमध्ये लपवली. युद्ध संपल्यावर राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी एक ऑफिस उघडलं, तिथे जुन्या वास्तूंचं काम यान झाखवातोविच बघायचे, आणि हेच कागद त्यांच्या टेबलावर आले. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त भिडतो. समोर शहर मरतंय आणि ही माणसं खिडकीची उंची लिहून ठेवतायत, कशाच्या भरवशावर?

शिवाय बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या १८ व्या शतकातल्या दरबारी चित्रकाराची चित्रं होती, त्याने वॉर्साचे रस्ते अगदी बारकाईने रंगवलेत. त्या चित्रांच्या प्रती आता राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लावल्यात, चित्र बघायचं, मान वर करायची, समोर तीच इमारत. पण बाबा, जशीच्या तशी नाही हं. दर्शनी बाजू जुनी ठेवली आणि आत नवीन फ्लॅट काढले, १९ व्या शतकात वाढवलेलं बरंच काही मुद्दाम बांधलंच नाही, मागच्या अंगणांतली बांधकामांची दाटी काढून टाकली म्हणजे उजेड येईल. मुख्य चौक १९५३ मध्ये लोकांसाठी उघडला आणि १९८० मध्ये युनेस्कोने जुनं शहर जागतिक वारशात घेतलं, ते या पुनर्बांधणीसाठीच. राजवाड्याचं काम मात्र १९७१ पर्यंत सुरूच झालं नाही, आणि मग ते लोकांच्या देणग्यांतून झालं.

आता याची किंमत कुणी दिली तेही सांगते, कारण कौतुकाच्या नादात ते राहून जातं. विटा कमी पडल्या तेव्हा व्रोत्सवाफसारख्या पश्चिमेकडच्या शहरांतून रेल्वेने आणल्या, आणि त्यासाठी तिकडच्या दुरुस्त होऊ शकल्या असत्या अशा इमारतीही पाडल्या. ऑक्टोबर १९४५ च्या एका हुकुमाने वॉर्सातली सगळी जमीन सरकारजमा केली, त्यामुळे प्लॅनिंग करणाऱ्यांचं काम सोपं झालं, पण मूळ मालकांचे वाद कम्युनिस्ट राजवट गेल्यावर वर आले आणि अजून पुरते मिटलेले नाहीत.

आणि मुरानुव. युद्धाआधी वॉर्सातला साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता आणि मुरानुव हा त्यांचा मुख्य भाग. नंतर जर्मनांनी तिथेच भिंत घालून घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केला, १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून जास्त लोकांना तिथून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारायला नेलं, आणि १९४३ मध्ये उरलेल्यांनी उठाव केल्यावर सगळा भाग जमीनदोस्त केला. ढिगारा इतका होता की उचलणं शक्यच नव्हतं, म्हणून नवीन वसाहत त्याच्यावरच बांधली. आजही फुटपाथवरून पायऱ्या चढून बिल्डिंगच्या दारात जावं लागतं, ती चढण म्हणजे खालचा ढिगारा आहे, आणि त्यात माणसंही आहेत. भिंतींचे ब्लॉकसुद्धा त्याच विटांचा चुरा सिमेंटमध्ये घालून केलेले. आर्किटेक्ट बोहदान लाखेर्ट यांना भिंतींना प्लास्टर नको होतं, लोकांना त्या विटा दिसायला हव्या होत्या. पण पुढे प्लास्टर केलंच. मला ते पटत नाही, त्यांचं ऐकायला हवं होतं. जुन्या शहराचा दरवाजान् दरवाजा परत आला आणि इथे जुने रस्तेसुद्धा धड उरले नाहीत, कारण आम्ही इथले आहोत म्हणून आग्रह धरायला माणसंच उरली नव्हती. शहर परत बांधलं असं कुणी म्हटलं की मी आता आधी विचारते, कुणाचं.

तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा पहिल्या दिवशी मुरानुवलाच जाऊ, पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन म्युझियम तिथेच आहे आणि त्याला अख्खा दिवस लागतो, आईच्या गुडघ्याला झेपेल कारण लिफ्ट आहे. जुनं शहर दुसऱ्या दिवशी. व्हिसाचे फॉर्म मी मेल केलेत, सही करून लगेच पाठवा.

तुमची,
मनू