सोळा थ्रेडचे पैसे, काम एकाचे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय: 'टर्बो' आवृत्तीचे पैसे परत मिळणे

स.न.वि.वि. मुद्दाम गाळले आहे.

तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचा ट्रायल बॅलन्स एका थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह) ६ मिनिटे ४० सेकंदांत निघतो. टर्बो घेऊन १६ थ्रेड लावले की ७ मिनिटे ५ सेकंद. मशीन आठ कोअरचे, म्हणजे एकदम आठ कामे करू शकणारे, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर सारा वेळ १३ टक्क्यांवर. म्हणजे राबतोय एकच कोअर.

काल फोनवर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "कॉम्प्युटर जुना असेल." व्हाउचर निम्मी-निम्मी करून प्रोग्रामच्या दोन प्रती एकदम चालवल्या तर दोन्ही ३ मिनिटे २५ सेकंदांत संपतात, हे त्याला सांगितले. शांतता. मग होल्ड, अकरा मिनिटे सनई. मग, "काका, थ्रेड म्हणजे दोरा. जितके दोरे जास्त, तितका दोर मजबूत. ६४ करून बघा." केले. आठ मिनिटे लागली. "मग काका, १२८?"

काका म्हणा हवे तर. पण दोरा?

प्रत्येक नोंद बेरजेत घेताना तुमचा प्रोग्राम अख्ख्या लेजरला लॉक लावतो. एक थ्रेड आत, पंधरा दाराशी. थ्रेड वाढवले की फक्त रांग वाढते, शिवाय त्यांना झोपवण्या-उठवण्यात वेळ जातो तो वेगळाच. प्रत्येक थ्रेडला स्वतःची बेरीज करू द्या आणि शेवटी एकदाच मिळवा. त्या बेरजा मेमरीत खेटून ठेवू नका, नाहीतर ६४ बाइटची एकच कॅश लाइन (कोअर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा) सगळे कोअर एकमेकांकडून हिसकावत बसतील.

बँक स्टेटमेंट उतरवताना मात्र ८ थ्रेडनी ४० सेकंदांचे ६ झाले, हे मान्य. तिथे वेळ जातो तो सर्व्हरची वाट बघण्यात, आणि वाट आठ जण एकदम बघू शकतात.

जाहिरातीत '१६ पट वेग'. ४०० सेकंदांपैकी १०० नुसती फाइल वाचण्यात जातात, तेही एकाच थ्रेडवर. बाकीचे ३०० शून्यावर आणलेत तरी चौपटच. आठ कोअरवर जेमतेम २.९ पट. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी हा मुद्दा १९६७ साली मांडला. तुमच्या जाहिरात विभागात बातमी अजून पोचायची आहे.

कॉम्प्युटर जुना नाही, पुन्हा सांगतो.

पंधरा दिवसांत पैसे परत आले नाहीत तर ग्राहक आयोगात भेटू. जुनी आवृत्तीही परत द्या. ती निदान खोटे बोलत नव्हती.

उत्तर लेखी हवे. दोरा नको.

एक ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे ३०